रेवा चालेपर्यंतचं सामान

२० जानेवारी २०१९

ही डायरी मागच्या सालची आहे, सूतवाल्या सेठनं मालकाले, म्हणजे माझ्या नवऱ्याले, दिली होती. जुन्या तारखा कापून नवीन टाकून राहिली. मी चौथी शिकली. पाचवीत बसवणार होते, पण घरी सुताच्या कांड्या भरायले कोणी नव्हतं. शिकली असती तर कलेक्टर झाली असती, अन् मग भंडारा जिल्हा काही मी फुटू दिला नसता. माझी बहीण तिरोड्याची. त्या फुटण्यात ती गोंदियात गेली, तवापासून तिचा तोराच वेगळा. परदेशातून आल्यासारखी येते.

तर मुद्दा असा का, भूषणचा बेंगलोरवरून फोन आला. म्हणे, आई, तुझं विमानाचं तिकीट काढलं, दहा फेब्रुवारीचं, नागपूरवरून. ये, रेवाले पाहून घे.

रेवा माझी नात. सहावा महिना लागला. आतापर्यंत फोनवरच पाहिली, अन् फोनवर पोर अर्धी दिसते, एक डोळा अन् एक गाल. बारशाले जाणार होतो तर मालकाले ताप आला. बाळंतपण सुनेच्या, करुणाच्या, आईनं केलं, पवनीच्या शोभाताईनं, तिकडंच जाऊन. पहिलं बाळंतपण माहेरानं करायचं, रिवाज आहे, मी काही बोलली नाही. दोनदा बोलली. आता त्या परत आल्या. आता माझी पाळी. मी ठरवलं, रेवा चालेपर्यंत तिथंच राहायचं. पोर सालभरात चालते. भूषण नवव्यातच चालला होता, पण तो माझ्या हातचा होता.

सगळ्या गल्लीत सांगून आली. शेजारची अंजू म्हणे, काकू, मग सामान खूप लागन. म्हटलं, नाही बाई. माझा जीव सामानात नाही. एकच डाग, म्हणजे एकच नग न्यायचा, तोही हलका.

निश्चय: एकच डाग.

२१ जानेवारी

लोखंडी पेटी काढली. माहेरची, निळी, झाकणावर मोर. मोराची चोच गेली. लग्नात तिच्यावर मावशी अन् मावशीच्या दोन पोरी बसल्या होत्या, अन् मावशी काही लहानसहान बाई नव्हती. मजबुती पाहा. मालक हातमागावर विणत बसले होते. धोटा थांबवला अन् म्हणे, विमान एका बाजूनं कलन. मागावर बसून माणसाले विमानाचं काय कळते!

पण पेटी रिकामीच उठली नाही. कंबरेसाठी म्हणून राहू दिली. पेटीत काही दोष नाही.

२३ जानेवारी

भंडाऱ्याले गेलो, हिरालालच्या बॅगांच्या दुकानात. हिरालाल म्हणे, बाई, मुक्काम किती दिवसाचा? म्हटलं, सहा महिने तरी धरा. त्यानं आतून लाल बॅग काढली. बॅग कसली, धानाची कोठीच. खाली चाकं, वर लांबणारा दांडा, आकड्यांचं कुलूप. दुकानाच्या फरशीवर अशी पळाली का मालक बाजूले सरकले. मग म्हणे, बॅग पाहून पाहुणा कळते. म्हणजे काय, विचारलं. काही नाही म्हणे.

आपल्या आंधळगावच्या स्टँडवर उतरलो. रस्त्यावर गिट्टी टाकून ठेवली आहे. चाक एक पाऊल चाललं नाही. मालकानं बॅग डोक्यावर घेतली. पानठेल्यावरचे पोट्टे म्हणे, मामाजी, चाकं वर काहून केली? हसू द्या. बेंगलोरले सगळी फरशीच आहे.

२४ जानेवारी

हिरालाल म्हणाला होता, कुलपाचा आकडा असा ठेवा जो कोणाले सुचणार नाही. तसाच ठेवला. मलेही सुचून राहिला नाही.

२५ जानेवारी

मालक मागावरून उठले का बॅगेजवळ बसतात अन् एकेक आकडा फिरवतात. चिडले नाही. आज संध्याकाळी उघडली. आतमध्ये काहीच नव्हतं, तरी मले बरं वाटलं. आता कुलूप लावायचंच नाही. चोर नेऊन नेऊन काय नेईन, लाडू.

२६ जानेवारी

भूषणचा फोन. शाळेतल्या झेंड्याचा भोंगा जोरात, तरी मी सगळं नीट ऐकलं. म्हणे, आई, आठ-दहा दिवसाचे कपडे पुरे, जास्त आणू नको. बरोबर आहे. तिकडं धुवायची मशीन आहे. आठ-दहा दिवसाचे कपडे फिरवून फिरवून कितीही दिवस पुरतात. हुशार आहे पोरगा. मग म्हणे, तिकिटात मोठी बॅग धरली नाही, हातातलीच चालन, सात किलो. म्हटलं, बाबू, एसटीचा कंडक्टरही पहिले नाहीच म्हणते. दोन गोड शब्द बोललं का टपावर चढवते. तो म्हणे, ठेवतो आई.

पटलं त्याले.

२९ जानेवारी

आज दुसरं काम काढलं, सामानाइतकंच मोठं. मालक कोसा, म्हणजे रानातलं रेशीम, विणतात. आडवं सूत धोट्यातल्या कांडीवर असते, अन् कांडी भरते घरची बाई. कोष्ट्याच्या घरचा कायदा आहे हा. बाई गावाले चालली तर जितके दिवस जायचं तितक्या दिवसाच्या कांड्या भरून ठेवायच्या, नाहीतर माग बसते. माझी सासू भावाच्या घरी लग्नाले गेली तर चार दिवसाच्या भरून गेली, अन् पाचव्या दिवशी सकाळी दारात हजर. कांडी संपायच्या आत.

तर मी रेवा चालेपर्यंतच्या भरून राहिली.

३० जानेवारी

रिकाम्या कांड्या संपल्या. अंजूच्या घरून मागून आणल्या. टोपली भरली, परात भरली, निळी पेटी भरली. पेटी शेवटी कामी आली, मी म्हणतच होती. मालक पाहून राहिले. म्हणे, सूत संपलं. म्हटलं, आणा. म्हणे, इतके महिने कांडीवर राहिलं तर सूत कडक होते, तुटते. म्हटलं, पाणी शिंपडा. म्हणे, इतकं विणायले मले दोन जन्म लागतीन. या माणसाले कोणत्याच कामात उत्साह नाही.

माझा खांदा दुखून राहिला. चरखा फिरवून नाही, हवा बदलली म्हणून.

३१ जानेवारी

कुरिअर आलं. भूषणनं राखडी रंगाची बॅग पाठवली, चार चाकांची. कोणत्याही दिशेनं जाते, सरळ सोडून. पण इवलीशी! दोन लुगडी घातली का तिचं पोट भरते. मले पहिले वाटलं रेवाची आहे. मग समजलं. अशा बॅगा तिनाच्या संचात येतात, हिरालालच्या दुकानात पाहिल्या होत्या, एकीच्या पोटात एक. ही सगळ्यात लहान. वासरू आलं, आता मागून गाय येईन.

अंजू म्हणे, काकू, विमानात हीच नेतात, केबिनची म्हणतात हिले. तिले चहा दिला अन् विषय बदलला. पोरगी एकदा विमानात बसली तर पायलटसारखी बोलते.

२ फेब्रुवारी

गाय आली नाही.

३ फेब्रुवारी

पवनीवरून विहीणबाईचा फोन. मीच केला होता, सामानाचं विचारायले. शोभाताई म्हणे, मी दोन मोठ्या बॅगा नेल्या होत्या जी, एक तर उघडलीच नाही. तिथं सगळं ऑनलाइन दारात येते. मालिशले बाई लावली. करुणा आता ऑफिसले जाईन, रेवाले खालच्या मजल्यावरच्या पाळणाघरात टाकलं. मग आवाज हळू करून म्हणे, एक सांगू काय विहीणबाई, रागावू नका. आता त्या दोघायले त्यायचं त्यायचं राहू द्या. मी मायच आहे पोरीची, तरी शेवटी शेवटी मले पंगतीत जास्त वेळ बसल्यासारखं वाटे.

ऐकून घेतलं. त्यायचं बरोबर आहे, पण त्यायच्यापुरतं. पोरीच्या घरी आई पाहुणीच असते, पहिलेच्या काळी तर पाणीही पीत नव्हती. मी पोराची आई. ते माझंच घर आहे. पाहिलं नाही, ती गोष्ट वेगळी.

अन् पाळणाघर! आजी जिवंत असताना! त्यायले बिचाऱ्यायले माझी किती गरज आहे ते आज कळलं.

५ फेब्रुवारी

लाल बॅग भरली. फक्त गरजेचं घेतलं. चिन्नोर तांदूळ, कारण बेंगलोरच्या तांदळाले वास नाही. लाखोळीची डाळ. डिंकाचे लाडू, बाळंतपण होऊन गेलं तरी हाडं तीच आहेत. माझ्या जुन्या लुगड्यांची दुपटी. पोराच्या अंगाले नवं कापड टोचते, हे कोष्ट्याच्या घरी सांगावं लागत नाही. खलबत्ता, लहान. पाटा घेतला नाही. मालक पाट्याकडं पाहत होते, तवा सांगून टाकलं, नाही घेतला.

वजन केलं. आम्ही बाया कापडाचे गठ्ठे डोक्यावर घेऊन बाजाराले गेलो आहो. वजन आमच्या मानेले कळते. मालकानं अन् अंजूनं बॅग उचलून माझ्या डोक्यावर ठेवली. मान म्हणे, सात किलो. फार तर आठ. अंजूचं समाधान नाही. राशन दुकानातून काटा मागून आणला. काटा म्हणे, एकतीस. राशनचा काटा कोणाले जास्त देते, हे जन्मात पहिल्यांदा पाहिलं.

मानेले तेल लावून झोपली.

७ फेब्रुवारी

मालक जेवता जेवता म्हणे, किती दिवसासाठी बोलावलं, ते पुसलं काय त्याले?

माझ्या हातात भाताचं पातेलं होतं. म्हटलं, असं कोणी पुसते काय? आपल्याकडं दारी आलेल्याले कोणी पुसत नाही का कधी जाता, अन् आलेला पुसत नाही का किती राहू. पुसलं तर मानच गेला. अन् मी तर पाहुणीही नाही. त्यानं दिवस सांगतले नाही, म्हणजे मोजले नाही. मालक म्हणे, आठ-दहा दिवसाचे कपडे सांगतले ना. म्हटलं, मशीन आहे.

मालक उठले, हात धुतले. पोट भरलं नव्हतं त्यायचं. मीही मग दोनच घास खाल्ले. झोप लागली नाही. डास फार झाले आहेत.

८ फेब्रुवारी

निश्चय: दोन्ही बॅगा न्यायच्या. लाल खाली द्यायची, राखडी हातात. एकच डाग म्हटलं होतं खरं, पण राखडीले डाग म्हणता येत नाही. ती पर्स आहे.

भूषणले फोन करून पुसावं काय, असं एकदा मनात आलं. फोन हातात घेतला होता. मग रेवाचा फोटो पाहत बसली अन् राहून गेलं.

१० फेब्रुवारी, विमानात

अक्षर हलते, विमान नाही.

घडलं ते असं. मालकाले काचेच्या दाराच्या आत सोडलं नाही. काउंटरवरची पोरगी फार गोड. मी दोन गोड शब्द बोलली, तिनं चार बोलले, पण लाल बॅग घेतली नाही. म्हणे, आजी, तुमच्या तिकिटात नाही, वेगळं भरावं लागन. भूषणले फोन लावला. म्हणे, आई, मी सांगतलं होतं ना. बाबाजवळ परत दे. रागावला नाही. रागावला असता तर मी भांडली असती.

बंदुकवाल्या जवानानं दारापर्यंत परत येऊ दिलं. तिथंच फरशीवर बसून लाल बॅग उघडली. लोक बाजूनं चाकं घेऊन जात होते, सगळ्यायच्या बॅगा राखडीसारख्या, सगळ्यायच्या सरळ चालतात. राखडीत लाडू बसले. एक दुपटं बसलं. तांदूळ नाही, डाळ नाही. खलबत्ता पाहून तो जवान म्हणे, माताजी, ये तो बिलकुल नहीं. बाथरूममध्ये जाऊन एका लुगड्यावर दुसरं नेसली, त्यावर स्वेटर. तपासणीवाली बाई मले चाचपता चाचपता थकली.

त्याच्या आधी, मी आत जाताना, मालक दाराबाहेर लाल बॅग घेऊन उभे होते. म्हणे, जा आता, वेळ होईन. मग फरशी असूनही त्यायनं बॅग डोक्यावर घेतली अन् निघाले. मी पाहत राहिली. म्हटलं, काही हरकत नाही, पार्सलनं मागवता येते.

११ फेब्रुवारी, बेंगलोर

रेवा! पूर्ण दिसली! दोन डोळे, दोन गाल, अन् हनुवटीले खळी, ती आमच्या घरची. फोनवाल्यायनं ती खळी आजपर्यंत दाबून ठेवली होती. मले पाहून पहिले मोठ्यानं रडली. दोन लुगडी अन् स्वेटर, कोणीही रडन. मग खाली बसली, पाय लांब केले, तिले पायावर आडवी घेतली, तेल लावलं. हात लावू लावू पोर अशी सैल पडली जशी सुताची भिजवलेली लड. झोपली. माझ्या पायाले मुंग्या आल्या, वरून खाली, खालून वर. मी पाय हलवला नाही. कायले हलवू?

करुणा ऑफिसवरून आली, म्हणे, आई, ही दुपारची कधीच झोपत नाही! मी म्हटलं, हात लागते त्याले. सुनेनं पाळणाघराले या आठवड्यापुरती सुट्टी सांगतली आहे. पुढची पुढच्या आठवड्यात सांगन.

मालिशवाली आली होती. तिले दारातूनच परत पाठवली.

१३ फेब्रुवारी

मले कोणतंच काम करू देत नाहीत. भांडी घासायले गेली तर भूषणनं हात धरला. म्हणे, आई, तू बस. बसली. बसून बसून कंबर धरली. बाग दाखवायले नेलं, देवळात नेलं, मोठ्या बाजारात नेलं, तिथं जिना आपणच चालते, मी एका जागी उभी राहून वर गेली. फोटो काढले, रेवा अन् मी, मी अन् रेवा, शंभर तरी. म्हटलं, बापू, इतके कायले? मी कुठं पळून चालली काय? करुणानं भूषणकडं पाहिलं. भूषणनं जिन्याकडं पाहिलं.

लाडू खाल्ले नाहीत. दोघायचं वजन कमी करणं चालू आहे. मी रोज एक खाऊन राहिली, म्हणजे लाडू कमी झालेले दिसतात.

१४ फेब्रुवारी

माझी बॅग बाथरूमच्या बाजूले उघडी पडून आहे. येता-जाता माझी लुगडी दिसतात, बरं दिसत नाही. करुणाले म्हटलं, पोरी, कपाटात एक खण रिकामा करून दे, जास्त नाही, एकच. ती गोंधळली. एक खण उघडला, पाहिला, बंद केला. म्हणे, आई, बॅगेतच राहू द्या ना. उगाच काढायचं, पुन्हा भरायचं, तुम्हालेच त्रास.

सून गुणी आहे.

पुन्हा भरायचं, म्हणजे कधी? याच्यावर विचार केला. रेवाले झोपवता झोपवता केला. म्हणजे तिले माझ्या कंबरेची काळजी आहे.

रेवा आज पालथी पडली अन् पोटावर पुढं सरकली. माझ्याच दिशेनं. चालायच्या आधीचं आहे हे. मी ओरडली, भूषण, भूषण! तो मिटिंगमध्ये होता. हातानं म्हणे, थांब. रेवा थांबली नाही.

१५ फेब्रुवारी

मालकाले फोन केला. म्हटलं, लाल बॅग पार्सल करा, अन् एक गरम शाल टाका, पावसाळ्यात लागन.  फोनमध्ये मागाचा आवाज नव्हता. मालक म्हणे, तांदूळ काढून डब्यात भरून ठेवला, सोंडे-किडे लागतीन म्हणून. म्हटलं, अजी, मी पार्सलचं पुसून राहिली. म्हणे, भूषणले पूस.

पुसन. आज तो दमून आला होता. उद्या शनिवार आहे, सुट्टी. उद्या पुसते.

१६ फेब्रुवारी, संध्याकाळ

रेवा मांडीवर होती. भूषण येऊन बाजूले बसला. चांगला मोका होता, मी तोंड उघडणारच होती. तो मोबाईलवर बोटं फिरवून राहिला होता. म्हणे, आई, चेक-इन करून ठेवतो.

म्हटलं, कोणाचं?

म्हणे, तुझं. उद्या दुपारचं विमान आहे ना.

मी रेवाचं झबलं खाली ओढलं. वर गेलं नव्हतं तरी ओढलं. भूषण मोबाईलकडंच पाहत होता, बोटं थांबली होती. मग हळू म्हणे, आई, तुले काय वाटलं होतं?

म्हटलं, मले काय वाटायचं? माहीत आहे मले. बॅग भरलेलीच आहे.

रेवाच्या दुधाची वेळ झाली, करुणा येऊन घेऊन गेली. मांडी थोडा वेळ गरम होती.

सीट खिडकीजवळची मिळाली. सगळ्यायले भेटत नाही म्हणे. पोरानं माझ्यासाठी निवडून घेतली.